चार बंडलांचं तळं

सुमित्रानं आणि मी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अवरेकाळू, आपले पावटे, सोलणं. थंडीत बेंगळूरला अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात, तुम्ही पाहिले असतील. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून आतली डाळ बाहेर काढायची. हितकबेळे म्हणतात इकडे. दाबताना दाणा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तसाच एक सुटला आणि पार टीव्हीच्या मागे गेला. सुमित्रा म्हणाली, "किती लांब गेला हो? मोजा बघू." मी म्हटलं, "तूच मोज, तुझं काम ते." ती हसली, मग हात पुसत म्हणाली, "तळ्याचं लिहिलंत का तुमच्या त्या लिखाणात? शिवाजीनगरच्या बिर्याणीवर दहा पानं लिहिता, आणि तळं राहिलंच." मी म्हटलं, लिहितो की, घाई काय आहे. त्याच आठवड्यात ती गेली. डाळ फ्रीजमध्ये तशीच होती, सुनेनं नंतर काढून टाकली. तेव्हा आता तळ्याचं लिहितो. मला लिहायला जमत नाही. शाळा मी लौकर सोडली, आणि या वयात शुद्धलेखन कुणाला सुधारलंय!

लग्नाआधी मी बेंगळूरच्याच शिवाजीनगरला मालोजी अण्णांच्या दुकानात माईक सेटवर होतो. माझे वडील शिंपी, आजा शिंपी, मी मात्र सुईला कंटाळलेला. गळ्यातला इंच टेप तेवढा सुटला नव्हता, सवयीनं घालायचो. अण्णांचं दुकान म्हणजे लग्न, गणपती, जत्रा, निवडणूक, जिथं मोठ्यानं बोलायचं असेल तिथं कर्णे लावून द्यायचे. दुकानाच्या वरच घर. खाली सोल्डरचा धूर आणि वर फोडणीचा, दोन्ही जिन्यात एकत्र व्हायचे. समोर कल्हईवाला, बाजूला बिर्याणीचं हॉटेल, पलीकडे बसस्टँडवर कंडक्टर ओरडताहेत, त्यात आमचा एखादा कर्णा टेस्टिंगला लावलेला. त्या गल्लीत कुणी हळू बोलल्याचं मला आठवत नाही. आमच्या लोकांचं मराठीही तसंच, निम्मं कन्नड. पुण्याचा एक साहेब एकदा सेट भाड्यानं घ्यायला आला होता, मी म्हटलं "स्वल्प थांबा, सरी?" म्हणजे जरा थांबा, बरं का, तर तो बघतच राहिला.

अण्णांचा सगळा जीव एका मशीनवर होता. कंटोन्मेंटमध्ये लष्कराचं जुनं सामान लिलावात निघायचं, त्यातून आणलेलं स्पूलचं टेप-मशीन. दोन मोठी चाकं, मधून तपकिरी फीत पळायची, सेलवर चालायचं. त्याच्यावर विकत आणलेली भजनांची स्पूलं लागली की गल्लीतली माणसं थांबायची. "आपल्या मशीनच्या आवाजाला वजन आहे," अण्णा म्हणायचे. आणि खरंच होतं. दुसऱ्या सेटवर तीच भजनवाली बाई किरकिरायची, आमच्या मशीनवर कशी भारदस्त गायची. लोक तेवढ्यासाठी आम्हाला बोलवायचे. के. आर. पुरमपासून आनेकलपर्यंत अण्णांचं नाव होतं ते या वजनामुळे.

सुमित्रा अण्णांची मुलगी. मालकाची मुलगी म्हणून माझ्यापेक्षा लहान असूनही मी तिला अक्का म्हणायचो. पुढे आमचं लग्न ठरलं तेव्हा अख्खी गल्ली हसली, अक्काशी लग्न करतोय म्हणून. ती बारावीला बसलेली. शाळेतून आली की वर जायच्या आधी खाली बसायची, इस्त्री, म्हणजे सोल्डरची कांडी, तापवायची आणि बिघडलेले रेडिओ उघडायची. मी मजुरी करत होतो, तिला वेड होतं. फुटलेला रेडिओ दिसला की लोकांना भंगार दिसतं, हिला त्यात सामान दिसायचं. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, इलेक्ट्रॉनिक्स शिकायला. अण्णा नको म्हणायचे. ओरडून नाही, तेवढ्यापुरता त्यांचा आवाज मऊ व्हायचा आणि तेच वाईट. "अगं घरात सगळं आहे की. रेडिओ आहेत, इस्त्री आहे. तिकडं शंभर पोरं आणि तू एकटी. इथंच कर काय ते." हे रोज जेवताना चालायचं. काकी, म्हणजे तिची आई, मध्येच ताटात आणखी एक मुद्दे टाकायची म्हणजे दोघांची तोंडं बंद होतील. नाचणीचा तो गोळा चावायचा नसतो, गिळायचा असतो. गिळताना भांडता येत नाही.

के. आर. पुरमच्या पलीकडे एक तळं होतं. त्याच्या काठी देवळाचा उत्सव व्हायचा, आणि दोन्ही काठांना कर्णे लावायचं काम आमचं. दरवर्षी वायर तळ्यावरून न्यावी लागे. हरिगोलूत, म्हणजे टोपलीसारख्या गोल नावेत, वायरची बंडलं घेऊन अण्णा बसायचे आणि सोडत सोडत पलीकडे जायचे. बरोबर चार बंडलं लागायची, हे त्यांना पाठ होतं, कारण पहिल्या वर्षी तीनच नेली आणि मध्ये पाण्यात अडकून बसले होते. त्या वर्षी उत्सवाच्या आधी आम्ही तिघं खांब बघायला गेलो. मी काठावर उभा, चहा पितोय. पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटत होते. सुमित्रा एकदम म्हणाली, "दत्तू, त्या धोब्याकडं बघ." मी बघितलं. म्हटलं, "काय बघू? धोतर आहे." "आवाज बघ."

तेव्हा दिसलं. धोबी कपडा दगडावर आपटायचा, आणि काहीच आवाज नाही. कपडा परत डोक्यावर गेला की मग, वर, हवेत असताना, फाट्! जणू त्याचं धोतर आभाळावर आपटतंय. माझं आयुष्य आवाजात गेलेलं, रोज कान फुटेपर्यंत आवाज, आणि आवाजाला यायला वेळ लागतो हे मी कधी बघितलं नव्हतं. मी कप खाली ठेवला. चारपाच धोबी होते, प्रत्येकाचा आवाज उशिरा, आणि जो लांब त्याचा आणखी उशिरा. सुमित्रा अगदी हळू म्हणाली, "मधे जेवढं पाणी तेवढा उशीर." मग वडिलांना मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, तळं किती रुंद आहे ते मी इथं उभी राहून सांगू शकते."

अण्णा म्हणाले, "का, तळ्याला पोलकं शिवायचंय?"

"शिवायचं नाही, मोजायचंय."

"वायर न टाकता?"

"न टाकता. पाण्यात पाय न घालता."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "किती बंडलं ते मला माहीत आहे, तुला सांगितलेलं नाही. दोन खांबांतल्या अंतराच्या निम्मी चूक माफ. बरोबर आलं तर जा तुझ्या त्या पॉलिटेक्निकला. नाही आलं तर हा विषय माझ्या ताटापाशी परत काढायचा नाही. सरी?"

"सरी," ती म्हणाली.

हल्ली माझी नात असली खेळणी करते. तिनं मला दाखवलं, दोन डोळ्यांचं एक बारकं यंत्र, चहा-नाश्त्याच्या किमतीचं, आवाज सोडून अंतर मोजतं. मी म्हटलं, समोरच्या नारळाच्या झाडाचं मोज. तर ते आंधळं. भिंतीपाशीच त्याची मजल संपते. लांबचं मोजायला लेसरचं घ्यावं लागतं, ते महाग, आणि नातीसारखी पोरं दिवसभर शोधत असतात, थोडक्यात लांबचं कसं मोजायचं. मला हसू येतं. तुझ्या आजीनं ते फेकून दिलेल्या भंगारावर केलं होतं, म्हटलं. ती म्हणाली, "आज्जी वॉज कूल." होय की.

सुमित्रानं काय केलं ते सांगतो. दिवाळीतला बॉम्ब फुटला की उजेड आणि आवाज एकदमच निघतात. उजेड लगेच पोचतो, आवाज मागून चालत येतो. मधला वेळ धरायचा. घड्याळानं जमत नाही, बोटाला दाबायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून तिनं ठरवलं, दोन्ही फितीवर धरायचे. उजेड फितीवर कसा धरणार, मी विचारलं. तिनं मोडक्या रेडिओतला एक जुना ट्रान्झिस्टर काढला, काचेचा, वरून काळा रंग दिलेला. ब्लेडनं तो रंग खरवडला. "हा रंग का देतात माहीत आहे? नाहीतर ह्याला दिसायला लागतं." तिनं तो ॲम्प्लिफायरला जोडला आणि टॉर्चचा उजेड टाकला. कर्ण्यातून टक् आवाज आला. मी म्हटलं, परत. परत टक्. आम्ही कितीतरी वेळ तेच करत बसलो. उजेडाचा आवाज मी ऐकत होतो. काकी जिन्यात येऊन म्हणाली, काय चाललंय तुमचं, आणि मग तीही टॉर्च मागायला लागली.

तो ट्रान्झिस्टर पुठ्ठ्याच्या नळीत बसवला, पुढे चष्म्याच्या दुकानातलं टाकाऊ भिंग. कान म्हणून एक कर्णाच उलटा जोडला. माईक सेटवाल्यांना हे माहीत असतं, बोलणारा कर्णा उलटा जोडला की ऐकायला लागतो. दोन्ही एकाच मशीनला. फीत सेकंदाला पावणेचार इंच पळते, असं मशीनवरच कोरलेलं होतं. म्हणजे टक् आणि धुम् यांच्यातली फीत इंच टेपनं मोजली की वेळ निघाला, वेळ निघाला की तळं, आवाज सेकंदाला किती धावतो ते तिच्या पुस्तकात होतं. मला हे समजायला दोन दिवस लागले, आणि समजलं तेव्हा मी गळ्यातला टेप काढून बघितला. माझ्या वडिलांनी ह्यानं अर्ध्या गल्लीचे खांदे मोजलेत.

संध्याकाळी उजेड उतरताना गेलो. अण्णा दिवाळीतले उरलेले तीन सुतळी बॉम्ब घेऊन स्वतः पलीकडे गेले, दुसरा कुणी नको म्हणाले. आम्ही इकडे. नळी पलीकडच्या देवळाच्या पायरीवर रोखलेली. अण्णांनी टॉवेल हलवला. सुमित्रा म्हणाली, "चालू कर." मी बटण दाबलं, चाकं फिरली, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "हॅलो, हॅलो, चेक, चेक." वर कर्ण्यावर टिचकी मारली, टक् टक्. माईक सेटवरच्या माणसाचं हे असंच असतं, मशीन चालू झालं की हॅलो म्हटल्याशिवाय हात पुढे जात नाही. तेवढ्यात पलीकडे बॉम्ब फुटला. फितीवर माझाच आवाज आणि माझ्याच टिचक्या, त्यातली उजेडाची कुठली ते देवाला माहीत.

सुमित्रा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "दत्तू, तोंडात काहीतरी धर."

मी टॉवेलचं टोक दातात धरलं. दुसरा बॉम्ब सादळलेला, नुसता फुसफुसला. आता एकच. पाणी एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं. धोबी घरी गेले होते. पलीकडे अण्णा वाकलेले दिसले, मग पळाले, आणि पायरीवर एक पांढरं फूल उमललं. आवाज नाही. मी डोळ्यांनी त्याला येताना बघत होतो असं मला वाटलं, पाण्यावरून, लव्हाळ्यांवरून, एक बगळा उडाला त्याच्या पुढे. आणि मग धुम्. छातीवर लागला. मी टॉवेल चावून फाडला होता.

मशीन थांबवून तिनं चाकं हातानं मागेपुढे फिरवली, सावकाश, जिथं टक् तिथं मी शिंप्याच्या खडूनं खूण केली, जिथं धुम् तिथं दुसरी. फीत पेटीवर सरळ धरली. दोन खुणांच्या मध्ये माझी चार बोटंसुद्धा पुरती मावत नव्हती. बघितलं तर त्या तपकिरी फितीवर काहीच नाही, आरपार साधी. पण त्यात अख्खं तळं होतं. पाणी, लव्हाळी, तो बगळा, अण्णांची पहिल्या वर्षीची अडकलेली नाव, सगळं माझ्या दोन बोटांच्या मध्ये. आयुष्यात मी देवळं पुष्कळ बघितली, मुलांचे जन्म बघितले. त्या संध्याकाळसारखं परत काही बघितलं नाही.

सुमित्रानं ॲम्प्लिफायरच्या पेटीवर खडूनं हिशोब केला. परत केला. अण्णा काठाकाठानं चालत आले, धोतराला चिखल. "बोल."

"साडेतीन बंडलं. त्याच्याही थोडं आत."

अण्णा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "अर्धं बंडल कमी, पोरी," ते म्हणाले. "तेवढ्या वायरीत पलीकडचा कर्णा मुका राहतो." आणि स्वतःच फीत गुंडाळायला लागले. मी म्हटलं, अण्णा, परत एकदा. ते म्हणाले, "शब्द तो शब्द. तिनं दिला, मी दिला."

रात्रीचं जेवण वरच होतं, मुद्दे आणि पालेभाजीचं सार. काकीनं शांतता घालवायला रेडिओ लावला. भजन लागलं, आमच्या स्पूलवर होतं तेच, तीच बाई, तेच तबल्याचे बोल. सुमित्राचा घास हातातच राहिला. ती ऐकत होती, आणि बोटानं ताटाच्या कडेवर ठेका धरत होती. मग म्हणाली, "अप्पा, ही बाई आपल्या मशीनवर अशी गात नाही. इथं आवाज बारीक आहे. आणि भजन लौकर संपतंय."

"आपल्या मशीनला वजन आहे," अण्णा म्हणाले, आणि कितीतरी वेळानं त्यांचा चेहरा जरा उजळला. "रेडिओला कुठलं असणार ते?"

मी निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. "दत्तू, मशीन हळू चालतंय. पावणेचार इंच नाहीच पळत ते. वजन वगैरे काही नाही, आतला पट्टा ढिला असणार. म्हणून तळं कमी भरलं."

"मग सांग की अण्णांना!"

"त्यांना काय वाटेल? सगळी गल्ली त्या वजनावर ओळखते त्यांना."

"आणि तुला काय वाटतंय?"

ती वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान लौकर उघडलं. बातम्यांच्या आधी रेडिओवर पिप्, पिप्, पिप् वाजायचं, सेकंदाला एक, तेव्हा सगळं गाव त्यावर घड्याळ लावायचं. मी मशीनमध्ये नवे सेल घातले, रेडिओसमोर कर्णा ठेवला, तोंडात टॉवेल धरला आणि ते पिप् फितीवर घेतले. मग चाकं हातानं फिरवून खुणा केल्या. दोन पिप्च्या मध्ये पावणेचार इंच यायला हवे होते. सव्वातीनही येत नव्हते.

अण्णा उदबत्ती घेऊन खाली आले. "तोंडात टॉवेल का तुझ्या?"

"सेकंद मोजतोय, अण्णा."

त्यांनी माझ्या हातातला टेप घेतला, चष्मा वर केला, स्वतः मोजलं. दुसरे दोन पिप् मोजले. "रेडिओ चुकत असेल."

"रेडिओवर सगळ्या बेंगळूरचं घड्याळ चालतं."

त्यांनी स्क्रू काढून मशीनचं झाकण उघडलं आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. जुन्या लेंग्याच्या इलॅस्टिकसारखा तो खाली लोंबला. उदबत्तीची राख त्यांच्या धोतरावर पडली, त्यांना कळलं नाही. मला वाटलं आता माझी नोकरी गेली. मी तोंडाचा फटकळ, तरी त्या वेळी "पट्टा ढिला आहे, अण्णा" एवढंही माझ्याच्यानं म्हणवेना.

"ह्या हिशोबानं तळं किती येतं?" त्यांनी विचारलं.

सुमित्रानं केला तसाच हिशोब मी पेटीवर खडूनं केला. मला वेळ लागला. दोनदा पुसला. "चार," मी म्हटलं.

"चारच लागतात," अण्णा म्हणाले. झाकणावरून एकदा हात फिरवला. "पट्टा आत्ता बदलू नकोस. उत्सव होऊ दे, लोक वजन मागतील." मग जिन्याकडे तोंड करून हाक मारायला गेले आणि थांबले. "पण ती जाणार कशी रे? पॉलिटेक्निकला बस कुठली जाते?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ती गेली म्हणजे संध्याकाळी खाली इस्त्री तापणार नाही, माझ्यासमोरचं स्टूल रिकामं राहणार, एवढं मला कळत होतं. मी सायकल काढली आणि पॉलिटेक्निकचा रस्ता बघून यायला निघालो.